मुलींचा कॉन्फिडन्स, मॅचची भीती आणि आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

मी सांगली जिल्ह्यात, माणदेशाला लागून असलेल्या एका गावात मुलींना खो-खो आणि धावणं शिकवते, चौदा वर्षं झाली. पालक रात्री साडेदहाला व्हॉट्सअपवर प्रश्न पाठवतात आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवलंय. लिहिताना काही ठिकाणी माझा आवाज चढलाय, समजून घ्या.

ताई, कॉन्फिडन्स जन्मजात असतो ना? आमची मोठी धीट आहे, ही धाकटी लाजाळू.

लाजाळू असणं वेगळं आणि कॉन्फिडन्स नसणं वेगळं. माझ्याकडे एक मुलगी होती, पाहुणे आले की आतल्या खोलीत पळायची, पण खांबाला वळसा घालून अशी निघायची की धावणारीला कळायचं नाही काय झालं. कॉन्फिडन्स म्हणजे डोक्यात साठलेला पुरावा. हे मी आधी केलंय, म्हणून आता जमेल, एवढंच. "तू वाघीण आहेस" असं दहा वेळा सांगून तो येत नाही, उलट मुलगी हुशार असेल तर तिला कळतं की आईकडे सांगण्यासारखं दुसरं काही नाही म्हणून वाघीण चाललीय.

मी प्रत्येकीला एक वही करायला लावते, दहा रुपयांची. रोज एक ओळ. "आज खो देताना हात नीट पाठीला लागला." "आज चौथ्या राउंडला थांबले नाही." मार्क नाहीत, शेरा नाही. मॅचच्या आदल्या दिवशी ती वही वाचायची. माझ्या कुठल्याही भाषणापेक्षा ती वही जास्त काम करते, हे कबूल करायला मला पाच-सहा वर्षं लागली कारण मला भाषण द्यायला आवडतं.

ललिता बाबर शेजारच्या माण तालुक्यातली, मोही गावची. सुरुवात खो-खोपासून, मग लांब पल्ल्याचं धावणं, मॅरेथॉन, मग ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत, ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि फायनलला दहावी आली. १९८४ ला पी. टी. उषा, त्यानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकच्या वैयक्तिक फायनलला पोचलेली भारतीय बाई ही. मुलींना मी हे सांगते तेव्हा दहाव्या नंबरवर थांबते. कुणीतरी हमखास म्हणतं, "दहावी म्हणजे हरलीच की." मग त्यावर अर्धा तास चर्चा होते, आणि ती चर्चा मला हवीच असते.

प्रॅक्टिसला एक नंबर खेळते, मॅचला थंड पडते. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. दोन कारणं सांगते.

पहिलं, भीती वाटली की छाती धडधडते, हात गार पडतात, पोटात गोळा येतो. हे शरीर कामाला तयार होतंय म्हणून होतं, पण मुलीला वाटतं आपलं काहीतरी बिघडलंय. तिला सरळ सांगा की हे सगळ्यांना होतं, समोरच्या टीमलाही होतंय. नाव कळलं की अर्धी भीती जाते. दुसरं, जी गोष्ट हातापायांना पाठ झालेली असते तिच्यावर ती मॅचच्या दिवशी लक्ष ठेवायला लागते, "पाय कुठं पडतोय, सर बघतायत का, बाबा बघतायत का". जिना उतरताना प्रत्येक पायरीचा विचार करून बघा, अडखळाल.

आणि खरं सांगू का, यात आम्हा कोचची चूक जास्त असते. आम्ही प्रॅक्टिस शांतपणे घेतो, चूक झाली की थांबवतो, परत करायला लावतो. मॅचमध्ये परत कोण देणार? म्हणून आता आठवड्यातून एकदा मी मॅचसारखीच प्रॅक्टिस घेते. मुलांची टीम कडेला उभी करून त्यांना ओरडायला सांगते, मुद्दाम चुकीची शिट्टी देते, शेवटचा एक मिनिट उरलाय आणि तीन पॉइंट हवेत असं सांगून तिथूनच खेळ सुरू करते. पहिल्यांदा रडारड झाली. दोन महिन्यांनी त्याच मुली "ताई आज चुकीची शिट्टी नाही दिलीत" म्हणून तक्रार करायला लागल्या.

श्वासाने खरंच काही होतं का, का उगाच योगा-बिगा?

होतं. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावला की हृदयाचे ठोके उतरतात, शरीराची रचनाच तशी आहे. चार आकडे मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, पाच वेळा. पण पहिल्यांदा फायनलच्या दिवशी करायला लावू नका, उपयोग शून्य. रोज चटईवर झोपल्यावर, मग धावून दमल्यावर, मग ओरडाआरड्यात, असं चढत जायचं.

मॅचच्या आधी "पॉझिटिव्ह विचार कर" असं सांगतो, तरी फरक पडत नाही.

कारण ते सांगणं फार मोघम आहे. आणि "घाबरू नको" तर सांगूच नका, त्यातला "घाबर" तेवढा ऐकू जातो. तिला छोटे, करण्याजोगे शब्द द्या. आमच्या मुलींचे शब्द त्यांनीच ठरवलेत: बसलेली असताना "कान उघडे", पळताना "कंबर खाली", खांबाजवळ "हात लांब". एकीचा शब्द "भाकरी" आहे, का ते तिने कुणालाच सांगितलेलं नाही, मी विचारत पण नाही, चालतंय ना मग झालं.

आणि मॅचआधीचं एक ठरलेलं रूटीन असू द्या. बुटाची लेस, दोन उड्या, एक लांब श्वास, आपला शब्द. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये कंपाउंड तिरंदाजीची वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हा १७ वर्षांची होती, फायनल १४९-१४७ ने जिंकली. १५ बाण, १५० पैकी १४९. तिरंदाजीच्या मॅचेस मुलींना मोबाईलवर दाखवा, कुठलीही खेळाडू प्रत्येक बाणाआधी तेच तेच तसंच करते, आधीचा बाण कसाही गेला असला तरी. आमच्या मुलींना आधी ते बोअर वाटलं, मग त्यांनीच मोजायला सुरुवात केली की श्वास कधी घेते, मान कधी वळवते.

डोळे मिटून मॅच बघायची म्हणतात ते काय असतं?

मनात खेळून बघणं. फक्त ट्रॉफी घेतानाचं चित्र बघून काही होत नाही, ते स्वप्नरंजन झालं. मैदानाची माती, शिट्टीचा आवाज, पाठीवर पडलेला खो, उठतानाचा पहिला पाय, हे सगळं खऱ्या वेगात बघायचं. आणि चूक झाल्याचं पण बघायचं, चूक झाली आणि मी पुढं काय केलं ते. तीन मिनिटं खूप झाली. लहान मुली हसतात, हसू द्या.

एक चूक झाली की ती तिथेच अडकते, पुढचे चार पॉइंट जातात.

आमच्याकडे माती झटकायची पद्धत आहे. फाउल झाला, चुकीचा खो दिला, की मांडीवर हात घासून माती झटकायची, एकदाच, आणि पुढच्या खेळाडूकडे बघायचं. दिसायला फालतू आहे. पण हाताला काम मिळालं की डोकं मागे राहत नाही, आणि टीममधल्या बाकीच्यांना पण कळतं की हिने ते सोडलं, आता आपण पण सोडायचं. झालेल्या चुकीचा हिशोब संध्याकाळी करायचा. तो करायचाच, टाळायचा नाही, फक्त मैदानात नाही.

हरून घरी येताना गाडीवर काय बोलायचं?

काही नाही.

खरंच. मला विचाराल तर मुलींचा सगळ्यात जास्त कॉन्फिडन्स कुठं जात असेल तर तो मैदान ते घर या रस्त्यावर जातो. बाबा गाडी चालवतायत, मागे मुलगी, आणि बाबांचं चालू: तिथं तू डावीकडं वळायला पाहिजे होतंस, ती दुसरी बघ कशी पळते, सरांनी तुला आधी का नाही उतरवलं. बाबांचा हेतू चांगला असतो, मला माहितीय. पण ती दमलेली असते, भुकेली असते, तिला काय चुकलं ते तुमच्याआधी कळलेलं असतं, आणि गाडीवरून उतरून ती कुठं जाऊ शकत नाही. माझा स्वतःचा अनुभव सांगते, मी शाळेत असताना एका जिल्हा स्पर्धेत शेवटच्या मिनिटाला आउट झाले आणि घरातलं एक माणूस बसमध्ये चाळीस किलोमीटर बोलत होतं. मॅचमधलं मला आता काही आठवत नाही. बसमधलं सगळं आठवतं.

मग काय करायचं? पाणी द्या, वडापाव घ्या, "मला तुझा खेळ बघायला आवडतं" एवढं म्हणा आणि गप्प बसा. ती बोलली तर ऐका. सल्ला विचारला तरच द्या, आणि तो पण दुसऱ्या दिवशी. जिंकल्यावर पण हेच, बरं का. जिंकलं की पेढे आणि हरलं की अबोला असं असेल तर मुलगी एकच गोष्ट शिकते, की घरातलं प्रेम स्कोअरबोर्डवर आहे.

मग कौतुक करायचंच नाही का?

करा की, पण तिच्या हातात असलेल्या गोष्टीचं करा. "किती टॅलेंटेड आहेस" म्हटलं की पुढच्या वेळी हरल्यावर तिला वाटतं टॅलेंट संपलं. "दोन वेळा पडलीस आणि दोन्ही वेळा लगेच उठलीस" हे म्हटलं तर ते तिला परत करता येतं. आणि खोटं कौतुक करू नका, पोरींना लगेच वास येतो.

पाळीच्या दिवशी खेळू द्यावं का? ती सांगत पण नाही, नुसती "पोट दुखतंय" म्हणून घरी बसते.

खेळू द्यावं, तिला खेळावंसं वाटत असेल तर. पाळीत खेळल्याने काही बिघडत नाही, हलकं पळाल्याने काहींचं दुखणं कमीही होतं. फार दुखत असेल, रक्त फार जात असेल तर विश्रांती आणि डॉक्टर. ठरवणार ती. मी बॅगेत पॅड, जास्तीची काळी शॉर्ट आणि गरम पाण्याची पिशवी ठेवते आणि हे सगळ्यांना माहितीय, मागायला पण लागत नाही, चेन उघडून घ्यायचं.

कॉन्फिडन्सशी याचा काय संबंध असं काही बाबा विचारतात. ज्या मुलीचं अर्धं लक्ष मागे डाग पडलाय का याच्यात आहे ती सूर कशी मारणार? विंबल्डनला १८७७ पासून स्पर्धा चालू आहे, आणि पांढऱ्या स्कर्टखाली गडद रंगाची शॉर्ट घालायची परवानगी बायकांना २०२३ ला मिळाली. तिथं एवढा वेळ लागला, तर आपल्या शाळेच्या पांढऱ्या युनिफॉर्मबद्दल मुख्याध्यापकांशी बोलायला तुम्ही लाजू नका. आमच्याकडे दोन पालकांनी बोलून निळी शॉर्ट करून घेतली, एका मीटिंगमध्ये झालं.

अजून एक. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींमध्ये देशात ५९ टक्के जणींना ॲनिमिया आहे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला हा आकडा आहे. मी आधी "आळशी" म्हणून ओरडायचे अशा दोघींचं हिमोग्लोबिन आठच्या आसपास निघालं. लाज वाटली. त्यामुळे "मन लागत नाही, लवकर दमते, चिडचिड करते" असं असेल तर आधी रक्त तपासा, मग मनाचं बघू. आणि सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, तर "खेळणाऱ्या मुलींचं होतं असं" म्हणून सोडून देऊ नका. बऱ्याचदा खाणं कमी आणि पळणं जास्त झालेलं असतं, त्यात हाडंही कमजोर होतात. डॉक्टरकडे न्या.

उन्हाने काळी पडते, मांड्या जाड झाल्या, असं नातेवाईक बोलतात. तिने आता जेवण कमी केलंय.

नातेवाईकांना चहा द्या आणि विषय बदला, नाहीतर सरळ सांगा की या विषयावर आमच्या घरात बोलत नाहीत. आजी बोलत असेल तर अवघड आहे, मान्य. पण आई स्वतः आरशासमोर "किती जाड झाले मी" म्हणत असेल तर ते पण मुलगी ऐकते. मांडी कशासाठी असते ते तिला मैदानात कळू द्या. जेवण कमी केलंय हे मात्र गंभीर आहे, वर पाळीचं लिहिलंय ते परत वाचा.

तेरा-चौदाव्या वर्षी अचानक म्हणते खेळायचं नाही. जबरदस्ती करावी का?

आधी का ते शोधा, आणि "का" असं थेट विचारू नका, उत्तर "असंच" येतं. कपडे, पाळी, मुलांच्या कॉमेंट, मैत्रिणीने सोडलं, कोच ओरडले, संधी मिळत नाही, अभ्यास, खरंच कंटाळा, यातलं काहीतरी असतं. माझ्या अनुभवात बऱ्याच मुली खेळाला कंटाळलेल्या नसतात, खेळाभोवतीच्या गोष्टींना कंटाळलेल्या असतात. एका मुलीला फक्त बाथरूमचा प्रॉब्लेम होता, मैदानावर दार लागत नव्हतं. कडी बसवली, ती परत आली. दोनशे रुपयाची कडी.

आणि खरंच नको असेल तर सोडू द्या, दार उघडं ठेवा. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स, तिने २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये हवेत असताना शरीराचा अंदाज येत नाही म्हणून बऱ्याच फायनल सोडल्या, किती बोलले लोक तिला, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये तीन सुवर्ण आणि एक रौप्य घेऊन गेली. तुमची मुलगी परत येईलच असं मी म्हणत नाही. पण थांबली म्हणून ती कमकुवत होत नाही.

मोठ्या खेळाडूंना पण भीती वाटते का? आमच्या मुलीला वाटतं फक्त आपल्यालाच.

तिला क्रिकेटपटू जेमिमा रॉड्रिग्जची गोष्ट सांगा. २०२२ च्या वर्ल्ड कपच्या टीममध्ये तिला घेतलंच नव्हतं. २०२५ च्या वर्ल्ड कपमध्ये दोनदा शून्यावर आउट झाली, इंग्लंडविरुद्धच्या मॅचला बाहेर बसवलं. मग ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत सेमीफायनल, समोर ऑस्ट्रेलिया, ३३९ चं टार्गेट, आणि ही नाबाद १२७. त्यानंतर पत्रकारांसमोर तिने रडत सांगितलं की स्पर्धेत तिला ॲन्झायटीचा त्रास होत होता, आईला फोन करून रडायची, टीममधल्या मुली जवळ येऊन बसायच्या. त्या मुली तिला काही शिकवत नव्हत्या हो, नुसत्या शेजारी बसत होत्या. आमच्या ग्रुपमध्ये तो व्हिडिओ फिरला तेव्हा एका आठवीतल्या मुलीने लिहिलं, "म्हणजे रडून पण खेळता येतं." मी त्यावर काही लिहिलं नाही, अंगठा टाकला फक्त.

मुलांबरोबर खेळू द्यावं का?

प्रॅक्टिसला द्या, वेग वाढतो. पण रोज त्यांच्याशीच तुलना नको, आणि "मुलांसारखी खेळतेस" हे कौतुक म्हणून वापरू नका. जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० ने हरवलं, कॅप्टन महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. मुलींसारखं खेळणं म्हणजे हे.

कोच खूप ओरडतात, शिव्या देतात. त्याने मुली कणखर होतात म्हणे?

कणखर नाही, गप्प होतात. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं म्हणून गोंधळ होतो. आवाज चढवणं वेगळं, मी पण चढवते, मैदान मोठं असतं. पण वजनावरून, रंगावरून, जातीवरून, घरच्यांवरून बोलणं, मारणं, हे चालवून घ्यायचं नाही, कोचने कितीही मेडल आणली असली तरी.

आणि स्पर्शाचं स्पष्ट बोला. टेक्निक दाखवताना हात लावायचा तर सगळ्यांसमोर, विचारून. एकटीला खोलीवर बोलावणं, रात्री मेसेज, "घरी सांगू नको", यातलं काही दिसलं तर थांबू नका. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, "क्लबचं नाव खराब होईल" हे कारण चालत नाही. चाइल्डलाइन १०९८, फुकट आहे. बाहेरगावी स्पर्धा असेल तर टीमबरोबर एक बाई हवीच, मी नसेन तर एखादी आई जाते.

दुखापतीनंतर बरी झाली, पण पाय टाकायला घाबरते.

गुडघा बरा होतो त्याच दिवशी मन बरं होत नाही. घाई नको. सरळ पळणं, मग वळणं, मग हळू सूर, मग मॅच, अशा पायऱ्या करा आणि प्रत्येक पायरी वहीत लिहा. बरी होत असताना टीमपासून तोडू नका, स्कोअर लिहायला बसवा.

सायकॉलॉजिस्टकडे कधी न्यायचं?

झोप उडाली, खाणं सुटलं, आवडत्या गोष्टीत पण रस नाही, सारखं रडणं, आणि हे दोन आठवडे चाललंय, तर न्या. स्वतःला इजा करण्याचं बोलली तर त्याच दिवशी, तिला एकटं न सोडता. मी कोच आहे, डॉक्टर नाही, श्वास आणि वही त्याला पुरत नाही. तालुक्याला कुणी मिळत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

दहावीला खेळ बंद करावा का?

कमी करा, बंद करू नका. एक तास पळून आलेली मुलगी जास्त नीट अभ्यास करते असं मी तरी बघितलंय. ग्रेस मार्कांचं शाळेत विचारून घ्या, पण फक्त मार्कांसाठी खेळवू नका, फेब्रुवारीत फॉर्म भरला की त्या मुली परत दिसत नाहीत.

मॅच बघायला आम्ही यावं का? ती म्हणते येऊ नका.

तिला विचारा की नक्की काय नको. बऱ्याचदा तुम्ही नको असता असं नाही, तुमचं कडेने ओरडणं नको असतं. एका बाबांना मुलीने अट घातली होती, यायचं तर तोंडात शेंगदाणे ठेवून यायचं. ते खरंच पुडी घेऊन यायचे, खिसा भरून. आता त्यांच्या बाजूला बसणारे अजून तीन बाबा शेंगदाणे खातात.